आवक, घट, शिल्लक

चेन्नईत अण्णा नगरातून स्कूटरनं उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात कोळत्तूर लागतं. शोभेच्या माशांसाठी नाव काढलेली जागा. गल्लोगल्ली काचेच्या टाक्या, दुकानांच्या दारात हवा भरून गाठ मारलेल्या पिशव्या टांगलेल्या, आणि पिशव्यांत गप्पी, मॉली, सोनमासे, एंजल, फायटर. हौशी माणूस इथे आला की रिकाम्या हातानं परत जात नाही. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असताना जे गृहस्थ याच रस्त्यानं, याच दुकानांवरून, एकाही टाकीकडे मान न वळवता पुढे रेट्टेरीच्या तळ्याकडे जातात आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठच्या चिखलात उकिडवे बसतात, ते आमचे दाजी. आक्काचे यजमान. सत्तरीला टेकलेले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, हातात झाकणाची बादली.

डबक्यातली माशांची पिल्लं आणायची आणि घरच्या टाकीत वाढवायची, हा त्यांचा उद्योग. विकायची नाहीत, खायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत. नुसती वाढवायची.

ही माणसांची एक वेगळीच जात आहे. दुकानातून मासे आणणारा माणूस पाहुण्याला आधी टाकीसमोर नेतो, दिवा लावतो, माशांच्या किमती सांगतो. डबकेवाला कुणाला बोलावत नाही, कारण दाखवण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. हिरवट पाणी, तळाला बदामाची वाळकी पानं, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. डोळे बारीक करून पाहिलं तर मधेच दोन काळे ठिपके सरकताना दिसतात. ते डोळे. डोळ्यांच्या मागे मासा असतो असं म्हणतात. तो काचेसारखा असल्यामुळे आपण विश्वास ठेवायचा.

"हे काय आहे, दाजी?"

"कळंल की. घाई काय हाय पाव्हणं?"

सगळी गोम या 'कळंल की'त आहे. कोळत्तूरच्या पिशवीत गप्पी घेतला तर तो मरेपर्यंत गप्पीच राहतो. डबक्यातल्या मगभर पाण्यात काय आलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. भिंगातून सगळी सारखीच. महिनाभरानं कुणाला मिशा फुटतात, कुणाच्या अंगावर पट्टा उमटतो, आणि कुणाला माशांचे गुण न येता सहा पाय येतात. तेव्हा कळतं की आपण चतुराची अळी पोसत होतो आणि तिनं बाकीचे पाहुणे फस्त केले आहेत.

दाजी मूळचे खानापूर तालुक्यातले, म्हणजे गलाईवाले. सांगली जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात, खानापूर, आटपाडी, तासगावकडे, पावसानं पाठ फिरवली की तरणी पोरं गाव सोडायची, आणि देशभरच्या सराफपेठांत मूस पेटवून बसायची. दाजीही मिसरूड फुटायच्या आत मामांबरोबर मद्रासच्या सावकारपेठेत आले. कंपनी सरकारच्या टांकसाळीवरून ज्याला मिंट स्ट्रीट नाव पडलं त्या रस्त्याच्या एका बोळात त्यांनी जन्म काढला. जुना दागिना आटवायचा, त्यात चांदी मिसळायची, तेजाबात उकळून हीण काढायचं, उरलेली तपकिरी भुकटी टाकणखार घालून पुन्हा वितळवायची. शिवाय सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा. तो जाळायचा, धुवायचा, गाळायचा, आणि त्यातून कण कण सोनं वेगळं करायचं. ज्यानं चाळीस वर्षं केर गाळून सोनं काढलं त्याला चिखल गाळून मासा काढण्यात काही वावगं वाटत नाही. आम्हाला वाटतं, कारण आम्ही मास्तरक्या केल्या.

पेढी मुलांच्या हाती गेली आणि दाजी अण्णा नगरातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. हा भाग पट्टीनं आखून काढलेला. रस्त्यांना आकडे, ब्लॉकांना इंग्रजी अक्षरं, आणि सव्वीस अक्षरं पुरली नाहीत तेव्हा डबल ए, एबी, एसी. मधोमध १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्यासाठी बांधलेला गोल गोल चढत जाणारा मनोरा. मनोऱ्याच्या बागेत तळं आहे. दाजी रोज सकाळी तळ्याभोवती फेऱ्या मारतात, हात पाठीमागे बांधून. बागेचा पहारेकरी त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत असतो.

पिल्लांचा मोसम आपल्यासारखा जूनमध्ये नाही. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा. पहिल्या दोन-चार सरी झाल्या, भातखाचरांच्या कडेचे चर भरले, की दाजींच्या अंगात येतं. हत्यारं घरचीच. जाळीनं पिल्लू उचललं तर अंग खरचटतं, म्हणून मगानं पाण्यासकट उचलायचं. मग ते आक्काच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर ओतायचं. पाणी खाली जातं, पिल्लं चमचाभर पाण्यात वर राहतात. त्यातले पाणभुंगे, अळ्या आणि पाठीवर पोहणारे किडे चिमट्यानं वेचायचे. चिमटा सोन्याच्या कामातला. तराजूही तिथलाच, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर आधी पाण्याची वाटी, मग पिल्लांसकट वाटी. आणि शेवटी लाल वही. तिच्यात पेढीवरचेच रकाने: आवक, घट, शिल्लक. घट म्हणजे मेलेली पिल्लं. गलाईवाला 'मेलं' असं लिहीत नाही.

इथवर ठीक होतं. खरी पंचाईत झाली ती पिल्लांच्या पोटाची.

पिल्लाचं पोट टाचणीच्या डोक्याएवढं. दिवसातून चार-पाच वेळा त्यात काहीतरी जावं लागतं, आणि ते त्याच्या तोंडात मावेल इतकं बारीक असावं लागतं. जगभरचे मासेवाले यासाठी एक सोपा उपाय सांगतात: उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, फडक्यातून गाळून, थेंबभर. दाजी माळकरी. दरवर्षी पंढरीची वारी करणारे. आक्कानं माळ घातलेली नाही, पण दाजींच्या माळेपायी घरात अंड्याचं टरफलदेखील यायची सोय नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या मामी अय्यर. त्यांच्याकडे ही गोष्ट उच्चारणंही शक्य नव्हतं. शेवटी खालच्या बिहारी वॉचमनशी ठराव झाला. त्यानं आपल्या खोलीत अंडं उकडायचं, पांढरं आणि बाकीचा बलक त्यानं खायचा, आणि वाटाण्याएवढा बलक कागदाच्या पुडीत जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचा. पुडी दाजी चिमट्यानं उचलत. बलक फडक्यात बांधून टाकीत हलवताना तोंड दुसरीकडे करत आणि विठ्ठल विठ्ठल म्हणत. पिल्लांची पोटं पिवळी दिसू लागली की अपराध्यासारखे हसत. वॉचमनची तब्येत मात्र त्या मोसमात सुधारली.

बलक उरला की पाणी नासतं आणि घट वाढते, म्हणून दाजी पुढे दुसऱ्या मार्गाला लागले. केळ्याच्या सालीचं पाणी बरणीत घालून उन्हात ठेवायचं. ते आधी दुधासारखं गढुळतं, वास मारतं. काही दिवसांनी वास जातो, पाणी निवळतं आणि उजेडासमोर धरलं तर त्यात धुरळा हललासा वाटतो. तो धुरळा जिवंत असतो. म्हणजे तेही जीवच, असं मी सहज म्हणालो.

"डोळ्याला दिसत न्हाईत ते मोजायचे न्हाईत," दाजी म्हणाले. "न्हाईतर माणसानं पाणी कसं प्यावं?"

तिसरा मार्ग आर्टेमियाचा. मिठाच्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीची वाळकी अंडी डब्यातून मिळतात. मिठाच्या पाण्यात घालून खाली हवेचे बुडबुडे सोडले की दिवस-दीड दिवसात नारिंगी पिल्लं बाहेर पडतात. अंडी दिसायला तपकिरी भुकटी. दाजींना ती फार ओळखीची वाटली, म्हणून अंडी असूनही घरात आली. भाव ऐकल्यावर मात्र त्यांनी डबा खाली ठेवला आणि दुकानदाराला मराठीतच सांगितलं, "यापरास सोनं परवाडलं." तरी घेतला. फुकटच्या माशावर या माणसानं किती घालवले ते लाल वहीत कुठेच नाही. त्या वहीला खर्चाचा रकानाच नाही, आणि ही हुशारी मला वाटतं पेढीवरचीच.

चौथा मार्ग डासांच्या अळ्यांचा. गच्चीवर टब भरून ठेवले की अळ्या आपोआप होतात. डासांची तपासणी करत महापालिकेच्या बाई आल्या, त्यांनी टब पाहिला, आणि पुढचा अर्धा तास आक्का चेन्नईत शिकलेल्या सगळ्या तमिळनिशी क्षमा मागत होती. १९२८ साली इटलीहून गंबूशिया मासा या देशात आणला तो डास खाण्यासाठी. मासे जगावेत म्हणून डास पाळणारा माणूस त्या बाईंनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

टाकीतल्या पाण्याबद्दल मात्र दाजींशी वाद घालू नये. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तीन राज्यांनी १९७६ साली आपापल्या वाट्यातलं पाच-पाच टीएमसी कृष्णेचं पाणी मद्रासच्या तहानेसाठी सोडायचं कबूल केलं, आणि श्रीशैलमहून कालव्यांनी ते पाणी १९९६ मध्ये पूंडीच्या जलाशयात पोचलं. बाकीच्यांना ही तेलुगू गंगा. दाजींना ही माहेरची नदी. "आपल्या सांगलीच्या घाटाखालनं गेलेली किस्नामाई हाय ही," नळ सोडून ते सांगतात. "खानापुरात जलमलो, पर किस्नंचं पाणी प्यायला मला मद्रासला यावं लागलं." मग तेच पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून दोन दिवस उघड्या टबात ठेवतात. माहेरची असली तरी औषध मारलेलं पाणी पिल्लांना सोसत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय तळाला गेले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वे सुरू झाली, पन्नास वाघिणींची, आणि ती उतरायची अण्णा नगराला लागून असलेल्या विल्लिवाक्कमला. दाजी ती बघायला गेले. तिथे जमलेल्या लोकांना त्यांनी अभिमानानं सांगितलं की हे आमच्याकडे २०१६ सालीच झालंय, मिरजेहून लातूरला. बिल्डिंगमध्ये तेव्हा बादल्या मोजून पाणी मिळत होतं, आणि असोसिएशनच्या बैठकीत कुणीतरी विचारलं की तिसऱ्या मजल्यावरचे मासे कुणाच्या वाट्याचं पाणी पितात. दाजी उठून उभे राहिले. म्हणाले, माझ्या. त्या दिवसापासून टाकीतून उपसलेल्या पाण्यानं ते अंघोळ करू लागले. भजनाला शेजारी बसणारे हळूहळू सरकून बसू लागले. आक्कानं त्यांची गादी गॅलरीत टाकली. अंघोळीतून उरलेलं पाणी मामींच्या कढीपत्त्याला जाई. माशांच्या मुतानं तो असा काही फोफावला की पुढच्या बैठकीत मामींनीच दाजींची बाजू घेतली.

याच मामींच्या दारात ती गोष्ट घडली. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे मामी कोलम काढायला पिठाची वाटी घेऊन बाहेर आल्या, आणि उंबऱ्याजवळ, फरशीवरच्या ओलीत, चार बोटांचा एक मासा चालत होता. तडफडत नव्हता, चालत होता. गालफडं बाहेर फाकवायची, त्यांचे काटे फरशीला रोवायचे, शेपटीनं रेटा द्यायचा, एक पाऊल पुढं. परत गालफडं. काळपट अंगाला कोलमचं पीठ लागलेलं. मामींचा आवाज ऐकून इस्त्रीवाला वर धावत आला आणि बघताक्षणी म्हणाला, "पनैयेरी!" म्हणजे ताडावर चढणारा. मागल्या पावसाळ्यात सुईच्या टोकाएवढा आणलेला एक ठिपका आज आपलं नाव सांगत होता.

हा मासा थेट हवेतून श्वास घेतो. डोक्यात गालफडांच्या वर त्याला त्यासाठी वेगळी जागा असते, आणि पावसात एका डबक्यातून दुसऱ्यात जायला तो सरळ जमिनीवरून निघतो. डॅनिशांच्या ताब्यातल्या तरंगंबाडीला डाल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटानं १७९१ साली असा मासा ताडाच्या बुंध्यावर, पाचेक फुटांवर पकडला असं लिहिलं, आणि १७९७ साली लंडनच्या लिनीअन सोसायटीनं ते छापलं. पुढच्या पंडितांना ते पटलं नाही. पक्ष्यानं नेऊन टाकला असेल म्हणाले. दाजी लेफ्टनंटाच्या बाजूचे. "तिसरा मजला उतरायला निघाला व्हता त्यो, मग ताड काय लांब हाय?" टाकीवर जाळी बसली. मामींनी दाराला लिंबू-मिरची बांधली.

एका मोसमात रेट्टेरीच्या काठावर दाजींना लाल-नारिंगी पिल्लांचा थवाच दिसला, पाण्याच्या वरच्या थराला, एका गोळ्यात. इतकी देखणी पिल्लं त्यांनी कधी आणली नव्हती. वहीत नोंद झाली: आवक ६४. पुढं: घट ९, शिल्लक ५५. मग घट १६, शिल्लक ३९. मग घट २१, शिल्लक १८. आणि गंमत अशी की टाकीत मेलेलं एकही पिल्लू सापडेना. दाजींची झोप उडाली. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांचा माल असा कधी गेला नव्हता. त्यांनी वॉचमनकडे संशयानं पाहिलं, कावळ्यांकडे पाहिलं, आक्काकडेही एकदा पाहिलं. तिनं परत असं पाहिलं की तो तपास तिथेच थांबला. शेवटी शिल्लक १. तेव्हा उलगडा झाला. ती मरळ होती. लहानपणी एका गोळ्यात फिरणारी भावंडं जरा वाढली आणि पोटाला कमी पडलं की एकमेकांना गिळतात.

दाजींनी उरलेली मरळ वाटीत घालून तराजूवर ठेवली आणि हादरले. ६४ पिल्लांचं वजन, शिवाय वर घातलेलं खाणं, आणि काट्यावर उभं राहिलं ते त्याच्या पासंगालाही नव्हतं. "आटणीत एवढी घट लागत न्हाई. हवेत गेलं का?" दहावीतल्या नातवानं सांगितलं, हवेतच गेलं, आजोबा, दहा ग्रॅम खाल्लं तर जेमतेम एक ग्रॅम अंगी लागतं, बाकीचं पोहण्यात आणि श्वासात जातं. दाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असल्या हिशोबानं पेढी चालवली असती तर तुझा बा शिकला नसता."

मरळ हातभर झाल्यावर त्यांनी ती रेट्टेरीलाच नेऊन सोडली. जिथली तिथं, हा त्यांचा नियम. चिलापीचं तसं नाही. तमिळनाडूत तिला जिलेबी म्हणतात, पण ती इथली नव्हे. १९५२ साली श्रीलंकेतून मंडपमला आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे घट जवळजवळ नाही, आणि जिथे शिरेल तिथल्या बाकीच्या माशांना जागा उरत नाही. दाजींच्या मगात सगळ्यात जास्त येते तीच. पाण्यात परत सोडायची नाही असं त्यांचं शास्त्र सांगतं, मारायची नाही असं माळ सांगते. तेव्हा चिलाप्यांना गच्चीवरच्या मोठ्या टबात जन्मठेप. त्या तिथे सुखानं नांदतात आणि वाढतात. टब आता तीन झालेत. अधूनमधून रात्रीत टबातल्या मोठ्या चिलाप्या कमी होतात. त्याच रात्री वॉचमनच्या खोलीतून मोहरीच्या तेलाचा वास येतो. सकाळी दाजी वहीत नुसतं 'घट' लिहितात आणि कारण शोधायला जात नाहीत.

मागे मी गावाला गेलो होतो. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडच्या तलावात उन्हाळ्यातही पाणी दिसतं. काठाला बारीक पिल्लं वळवळत होती, म्हणून जवळून फोटो काढला आणि दाजींना पाठवला. लगेच फोन.

"चिलापी हाय, पाव्हणं."

"एवढ्याशा फोटोवरून?"

"पाठीवरच्या पंखाला काळा ठिपका दिसतोय का न्हाई? बावन साली हिकडं मंडपमला उतरली आन् माझ्या आधी गावात जाऊन बसली की ही! आता असं करा, पल्याडच्या काठाला जावा, मगभर पाणी घ्या, सुती फडक्यावर..."

तेवढ्यात फोन आक्कानं हिसकावला. "त्यांचं काय ऐकू नगंस. जरा मोठी असतील तर जाळं टाक, तिखट-मीठ लाव आन् तव्यावर सोड. हितं माझ्या घरात टाकीत मासं आन् ताटात मटकी."

पाठीमागून दाजी ओरडत होते, "आधी वजन करून घ्या म्हणावं!"